वजनकाटा मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यातही हवा

"डॉक्टर, याचं डोकं शांत झालं हो, पण अंग बघा कसं सुटलंय."

हे वाक्य मी दर आठवड्याला एकदा तरी ऐकतो. बहुतेक वेळा ते आई बोलते. गोळ्या लिहून झालेल्या असतात, त्या उठून दारापर्यंत पोचलेल्या असतात आणि जाता जाता मागे वळून हे सांगतात. मुलगा किंवा मुलगी खाली मान घालून उभी असते. कित्येक वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं, "रोज थोडं चाला, तेलकट आणि गोड कमी करा." एवढं बोलून मी पुढच्या पेशंटला हाक मारायचो.

ते उत्तर अपुरं होतं, हे मला एका मुलाने शिकवलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. कानात आवाज यायचे, जेवणात कुणीतरी विष घातलंय असं वाटायचं. मी ओलान्झापिन सुरू केलं. सहा आठवड्यांत आवाज विरले आणि तो कॉलेजला जाऊ लागला. "आता दोन पोळ्या जास्तच खातो," आईने आनंदाने सांगितलं. ज्या मुलाने महिनोन्‌महिने ताटाला हात लावला नव्हता, तो मागून घेऊन जेवतोय, याहून आईला काय हवं? मीही फाइलमध्ये "सुधारणा चांगली" असं लिहिलं.

नऊ महिन्यांनी तो पुन्हा आजारी होऊन आला. दोन महिन्यांपूर्वीच त्याने गुपचूप गोळ्या बंद केल्या होत्या. कारण विचारलं, तर म्हणाला, "जीन्स तीसवरून छत्तीसवर गेली, सर. वर्गातली मुलं नावं ठेवतात." त्याचं वजन नेमकं किती वाढलं, ते मला आजही सांगता येत नाही. कारण सुरुवातीचं वजन मी नोंदवलंच नव्हतं. आवाजांबद्दल मी दर भेटीत विचारलं होतं, जीन्सबद्दल एकदाही नाही. त्याला दवाखान्यात दाखल करावं लागलं आणि त्याचं वर्ष वाया गेलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. मानसिक आजाराच्या गोळ्यांमुळे वाढणारं वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल ही किरकोळ तक्रार नाही. ती सांभाळणं हा उपचाराचाच भाग आहे आणि त्याची पहिली जबाबदारी गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरची आहे. पेशंटच्या जिभेवर किंवा आळसावर ती ढकलून मोकळं होता येणार नाही.

वजन वाढतं कसं?

स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजार आणि काही वेळा तीव्र नैराश्यातही जी औषधं दिली जातात, त्यांना अँटिसायकोटिक म्हणतात. ती मेंदूतल्या डोपामिनवर काम करतात, म्हणून भास आणि संशय कमी होतात. पण यातली काही औषधं मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिनच्या काही केंद्रांनाही अडवतात. भूक लागणं आणि पोट भरल्याचं समाधान होणं ही कामं याच केंद्रांशी जोडलेली आहेत. म्हणून पेशंट सांगतात, "आत्ताच जेवून उठलो, तरी जेवलोच नाही असं वाटतं." हे सोंग नसतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही.

त्यात गोळीची सुस्ती असते आणि हालचाल कमी होते. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. काही औषधांमुळे शरीर इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही. त्यामुळे वजन फारसं न वाढताही रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढू शकते. "आमचा तर सडपातळच आहे, त्याला कशाला तपासण्या?" असं म्हणून चालत नाही ते यासाठी.

सगळा दोष गोळ्यांवर टाकणंही बरोबर नाही. हेन्री मॉडस्ली या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १८७९ मध्येच लिहून ठेवलं होतं की ज्या घराण्यांत वेडाचे आजार दिसतात, तिथे मधुमेहही वारंवार दिसतो. क्लोरप्रोमाझिन हे पहिलं अँटिसायकोटिक आलं १९५२ मध्ये, म्हणजे त्यानंतर तब्बल ७३ वर्षांनी. आजाराची स्वतःची ओढही त्या दिशेने असते. घराबाहेर न पडणं, रात्रीचा दिवस, विडी-सिगारेट, सुटलेली नोकरी हे सगळं त्यात मिसळतं. गोळ्या त्यावर भर घालतात.

याची किंमत मोठी आहे. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आत्महत्या हे त्यातलं एक कारण आहे, पण बहुतेक मृत्यू शारीरिक आजारांनी होतात आणि त्यात हृदयविकार आघाडीवर आहे. आवाज थांबवले आणि पन्नाशीत हृदयविकाराचा झटका आला, तर आपण पेशंटला अर्धंच बरं केलं.

सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत

वजन आणि साखर सर्वांत जास्त वाढवणारी दोन औषधं म्हणजे क्लोझापिन आणि ओलान्झापिन. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन आणि पॅलिपेरिडोन मधल्या गटात येतात. ॲरिपिप्राझोल, लुरासिडोन, झिप्रासिडोन आणि जुनं हॅलोपेरिडॉल यांचा वजनावर त्या मानाने कमी परिणाम होतो. तरी शून्य परिणामाचं औषध नाही. किशोरवयीन मुलं आणि पहिल्यांदाच औषध घेणारे तरुण यांचं वजन जास्त झपाट्याने वाढतं. बायपोलर आजारात सोबत व्हॅल्प्रोएट असेल, तर तेही वजन वाढवतं.

"मग जास्त वाढवणारी औषधं देताच कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. २००५ मध्ये अमेरिकेत सुमारे १५०० स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर केलेला 'केटी' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ओलान्झापिन घेणाऱ्यांचं वजन महिन्याला सरासरी ०.९ किलोने वाढलं. दर १०० पैकी ३० जणांचं वजन मूळ वजनाच्या ७ टक्के किंवा त्याहून अधिक वाढलं. ६० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे ४ किलोंहून थोडं जास्त. पण याच अभ्यासात उपचार मध्येच सोडण्याचं प्रमाण ओलान्झापिनच्या गटात सर्वांत कमी होतं. औषध ताकदीचं आहे आणि त्याचा बोजाही तेवढाच आहे. क्लोझापिनचंही तसंच. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात त्याच्या तोडीचं औषध आजही नाही.

म्हणून औषधाची निवड करताना दोन्ही पारडी पेशंटसमोर ठेवायला हवीत. घरात मधुमेह आहे, वजन आधीच जास्त आहे आणि आजार पहिल्यांदाच झाला आहे, अशा वेळी कमी वजन वाढवणारं औषध आधी वापरून पाहणं मला शहाणपणाचं वाटतं. आणि निव्वळ झोप यावी म्हणून ओलान्झापिन किंवा क्वेटियापिन वर्षानुवर्षं चालू असेल, जुन्याच चिठ्ठीवर केमिस्टकडून आणली जात असेल, तर ती खरंच हवी आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आपल्या शरीराचा हिशेब वेगळा आहे

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये एक गमतीदार छायाचित्र छापून आलं होतं. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीदार असा आपला बांधा आहे.

म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा समजतात. पाश्चात्त्य देशांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. आपली सुरुवातच काठावरून होते. तिथे एखादी गोळी ८-१० किलोंची भर घालते, तेव्हा मधुमेह फार लांब राहत नाही.

"मग गोळ्या बंदच करतो!"

इथवर वाचून कुणाच्या मनात हा विचार आला असेल, तर कृपया थांबा. स्वतःहून गोळी बंद करू नका, कमीही करू नका.

२०१२ मध्ये ६५ चाचण्यांची एकत्र पाहणी प्रसिद्ध झाली. स्किझोफ्रेनियात औषध बंद करून नकली गोळी दिलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. औषध चालू असलेल्यांत हे प्रमाण २७ टक्के होतं. फिनलंडमध्ये साठ हजारांहून अधिक रुग्णांच्या ११ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण औषध अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. सर्वांत कमी होतं क्लोझापिन घेणाऱ्यांत, म्हणजे वजन सर्वांत जास्त वाढवणाऱ्या औषधाच्या गटात! अशा नोंदींवरून कार्यकारणाचा पक्का निवाडा होत नाही. पण "गोळ्याच माणसाला मारतात" हे म्हणणं त्यात टिकत नाही, एवढं नक्की. उपचार सोडलेला माणूस ना नीट जेवतो, ना झोपतो, ना रक्तदाबाची गोळी घेतो.

औषध बदलता येतं, मात्रा कमी करता येते. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू आणि घरच्यांना सांगून.

काय मोजायचं, कधी मोजायचं

अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी २००४ मध्ये यासाठी एक वेळापत्रक सुचवलं. त्याच्या आधारे मी माझ्या पेशंटना हे सांगतो:

- वजन : गोळी सुरू करण्याआधी, मग ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, पुढे दर तीन महिन्यांनी. घरी काटा असेल तर पहिले दोन महिने दर आठवड्याला, एकाच वारी, सकाळी उपाशीपोटी.
- कमरेचा घेर : सुरुवातीला आणि पुढे निदान वर्षातून एकदा. शिंप्याची टेप पुरते. श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा.
- रक्तदाब : सुरुवातीला, १२ आठवड्यांनी, पुढे किमान दरवर्षी.
- उपाशीपोटीची साखर : याच वेळांना. १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून मधुमेहाचं निदान.
- लिपिड प्रोफाइल : सुरुवातीला आणि १२ आठवड्यांनी. पुढे मी वर्षातून एकदा करायला सांगतो.

पहिल्या महिन्यातच वजन ५ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे ६० किलोचे ६३ झाले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. पुढे बरंच वाढणार असल्याची ती खूण असते आणि वाढ थोपवणं हे वाढलेलं उतरवण्यापेक्षा खूप सोपं असतं.

खूप तहान, वारंवार लघवी, त्यातच उलट्या, धाप किंवा गुंगी अशी लक्षणं दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठून साखर तपासा. "गोळ्यांची गुंगी असेल" म्हणून घरी थांबू नका.

वाढलंच, तर?

पहिला पर्याय म्हणजे औषध किंवा मात्रा बदलता येईल का, हे डॉक्टरांसोबत पाहणं. ते दर वेळी जमत नाही. ज्याला क्लोझापिननेच गुण आला आहे, त्याच्यासाठी ते औषध सोडणं धोक्याचं असतं.

दुसरा पर्याय मेटफॉर्मिन, ही मुळात मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी. चीनमध्ये गोळ्यांमुळे वजन वाढलेल्या १२८ तरुण रुग्णांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांत नकली गोळीवाल्यांचं वजन सरासरी ३.१ किलोने आणखी वाढलं. फक्त आहार-व्यायाम करणाऱ्यांचं १.४ किलो उतरलं, फक्त मेटफॉर्मिनवाल्यांचं ३.२ आणि दोन्ही करणाऱ्यांचं ४.७ किलो. या आकड्यांचा माझ्यापुरता अर्थ असा की नुसतं "चाला आणि कमी खा" हा सल्ला दुबळा आहे. भूक औषधाने वाढवलेली आहे, ती फक्त मनोनिग्रहाने आवरा असं सांगणं अन्यायाचं आहे. मेटफॉर्मिन मधुमेह होईपर्यंत राखून ठेवण्याऐवजी वजन चढू लागताच तिचा विचार व्हावा. अर्थात मूत्रपिंडाची तपासणी करून आणि डॉक्टरांनी लिहून दिली तरच. ती बराच काळ घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं आणि आपल्याकडे शाकाहारी लोकांत ते आधीच कमी असतं, तेव्हा तेही तपासायला हवं.

तिसरा पर्याय रोजच्या सवयींचा. दिवसाला पाच-सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा-बारा चमचे साखर नुसत्या चहातून जाते. सुरुवात तिथून करा. शीतपेयं आणि फळांचे रस घरात आणूच नका. रात्री गोळीनंतर भूक खवळते, तेव्हा हाताशी फरसाण आणि बिस्किटं असली की तीच जातात. त्याऐवजी फुटाणे, काकडी, ताक, मोड आलेली मटकी, उकडलेलं अंडं ठेवा. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि वेफर्स खाऊन वजन उतरत नाही. चालणं रोज अर्धा तास, पण एकट्याने नको. कुणीतरी सोबत असलं की ते टिकतं.

विडी-सिगारेट सोडायलाच हवी, पण ठरवण्याआधी डॉक्टरांना सांगा. धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिनचा शरीरातून लवकर निचरा होतो. धूम्रपान एकदम थांबलं, की त्याच मात्रेत औषधाची रक्तातली पातळी चढते.

घरच्यांना एक विनंती

"किती खातोस! जरा बघ आरशात!" हे प्रेमापोटीच बोललं जातं, मला ठाऊक आहे. पण आजारात त्याला टोचून बोलणारे आवाज ऐकू येत होते. ते गोळ्यांनी थांबवले. आता त्यांची जागा आपण घेऊ नये. त्याच्या एकट्याच्या ताटात कोशिंबीर आणि बाकीच्यांच्या ताटात भजी, हेही चालणार नाही. चहातली साखर सगळ्यांचीच कमी करा.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना

"दुष्परिणाम आधीच सांगितले तर पेशंट गोळ्याच घेणार नाही," असं आपण म्हणतो. पण त्याला ते कळणारच आहे, कपड्यांच्या दुकानात, आरशासमोर, आणि तेव्हा आपण समजवायला तिथे नसू. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क पेशंटला दिला आहे.

"वेळ नसतो" हे खरं आहे. ओपीडीतली गर्दी मीही रोज पाहतो. पण वजन घ्यायला अर्धं मिनिट लागतं आणि ते मदतनीसही घेऊ शकतो.

"साखर बघणं फिजिशियनचं काम" हेही आपण म्हणतो. फिजिशियन म्हणतात, "या डोक्याच्या गोळ्या, त्यांनाच विचारा." आपण म्हणतो, "साखरेचं तिकडे दाखवा." या दोन खुर्च्यांच्या मध्ये पेशंट वर्षानुवर्षं उभा राहतो. मधुमेहाचा उपचार खुशाल फिजिशियनने करावा. तो होतोय का, हे वेळेवर पाहणं मात्र गोळी सुरू करणाऱ्याचं काम आहे.

त्या मुलाचं पुढे काय झालं, हे सांगून थांबतो. त्याचं औषध आम्ही हळूहळू बदललं, मेटफॉर्मिन जोडलं, वडील त्याच्यासोबत संध्याकाळी चालू लागले. वर्षभराने जीन्स छत्तीसवरून चौतीसवर आली. तीसवर ती परत गेलेली नाही आणि बहुधा जाणारही नाही. पण साखर आटोक्यात आहे, डिग्री पूर्ण झाली, नोकरी चालू आहे आणि गोळी तो रोज घेतो. आता दर भेटीत तो खुर्चीत बसण्याआधी स्वतःहून काट्यावर उभा राहतो.

तुमच्या पुढच्या भेटीत तुम्हीही तेच करा. दवाखान्यात काटा नसेल, तर वाटेत केमिस्टकडे वजन करा, तारखेसह फाइलवर लिहा आणि डॉक्टरांच्या समोर ठेवून विचारा, "या गोळीने माझं वजन आणि साखर वाढेल का? वाढली तर आपण काय करणार आहोत?" हे दाराशी जाता जाता नको, खुर्चीत बसल्या बसल्या विचारा.